नेम शिकवणाऱ्याची जबाबदारी

शस्त्र चालवायला शिकवणाऱ्याची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न जुना आहे. तलवारीच्या काळात तो होता, पिस्तुलाच्या काळातही आहे. शिकणारी व्यक्ती स्त्री असली, त्यातही अगदी नवखी असली, की या प्रश्नाला आणखी काही पदर फुटतात. ती कशासाठी शिकते आहे? खेळासाठी, नोकरीसाठी, की भीतीपोटी? शिकवणारा तिला काय देतो? कौशल्य, धीर, की धीराचा नुसता भास? आणि उद्या त्या शिकवलेल्या हातून काही बरेवाईट घडले, तर त्यातला किती वाटा शिकवणाऱ्याच्या नावावर मांडायचा?

हा प्रश्न आज आमच्या दारापर्यंत आलेला आहे, म्हणून तो मांडायचा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांनी नेमबाजी हा खेळ मराठी घरांत पोहोचवला. कोल्हापूरच्या राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरियाणाच्या मनू भाकरने पिस्तुलाच्या दोन प्रकारांत दोन कांस्यपदके घेतली. त्याच ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानची किश्माला तलत आणि हिजाब घालून खेळणारी इराणची हानिये रोस्तामियान याही पिस्तूल घेऊन उभ्या होत्या. टीव्हीवर हे सारे पाहणारी आमच्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी जेवताना सहज विचारते, "अब्बा, मी जाऊ का शिकायला?" आणि घर क्षणभर गप्प होते.

त्यानंतर जी उत्तरे येतात ती साधारण तीन प्रकारची असतात. पहिले उत्तर आजीचे किंवा खालाचे: मुलीच्या जातीला हे कशाला हवे? दुसरे उत्तर खालच्या आवाजात येते आणि ते बापाचे असते: बेटा, आपले नाव काय आणि तू हातात काय घेऊ म्हणतेस? तिसरे उत्तर तरुण भावाचे किंवा मामाचे: शिकू द्या तिला, दिवस वाईट आहेत, उद्या कुणी अंगावर आले तर उपयोगी पडेल. ही तिन्ही उत्तरे प्रेमातूनच येतात. पण तिघेही शस्त्राकडे पाहून बोलतात. शिक्षणाकडे कुणी पाहत नाही. त्या रेंजवर तिला नेमके काय शिकवले जाणार आहे, हे एकदा पाहिल्याशिवाय होकार देणे आणि नकार देणे, दोन्ही सारखेच अंधारातले आहे.

तेव्हा आधी ते शिक्षण पाहू.

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी गोळी देतच नाही. रिकामे पिस्तूल समोर ठेवतो आणि ते रिकामे आहे हे शिकणारीलाच तपासायला लावतो. आधी मॅगझिन काढायचे, मग काडतुसाचे घर उघडून डोळ्यांनी पाहायचे, अंधार असेल तर बोटाने चाचपायचे. पिस्तूल उचलले की नळी निशाण्याच्या दिशेनेच. खाली ठेवले तरी तोंड तिकडेच. उचलताना बोट चापावर जाऊ द्यायचे नाही, चापाच्या वर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकवून ठेवायचे. माणसाच्या हाताची मूळ ओढ मूठ आवळण्याची आहे. दचकला, ठेचकाळला, कुणी हाक मारली, की मूठ आपोआप आवळली जाते आणि बोट चापावर असेल तर गोळी सुटते. म्हणून बोट सरळ ठेवण्याची सवय आधी हाडात मुरवावी लागते. हा कोरडा सराव कित्येक दिवस चालतो. ज्या खोलीत तो चालतो तिथे एकही काडतूस ठेवायचे नसते.

मग पहिली गोळी. मॅगझिनमध्ये पाच-दहा गोळ्यांची जागा असली तरी नवखीला एकच द्यायची. पहिल्या आवाजाने आणि धक्क्याने ती दचकली, मागे वळली, तरी हातातले पिस्तूल रिकामे झालेले असते. सुरुवात हलक्या शस्त्राने करायची. १० मीटरचे एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचा छर्रा हवेच्या दाबाने फेकते, त्याला धक्का जवळजवळ नसतोच. त्यानंतर पॉइंट टू टूचे पिस्तूल. खऱ्या पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कानावर आणि डोळ्यांवर संरक्षण असल्याशिवाय रेषेवर उभेच राहायचे नाही.

शस्त्रांच्या जगात चार नियम सर्वत्र सांगितले जातात. अमेरिकेत जेफ कूपर नावाच्या प्रशिक्षकाने ते आजच्या रूपात रूढ केले. आमच्या शब्दांत सांगायचे तर: प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे धरून वागा. ज्याचा नाश तुम्हाला नको आहे त्याच्याकडे नळी वळू देऊ नका. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. आणि निशाणा काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय गोळी सोडू नका. हे नियम यंत्राबद्दलचे वाटतात, पण थोडे थांबून पाहिले तर ते माणसाबद्दलचे आहेत. पहिला नियम स्वतःच्या खात्रीवर संशय घ्यायला शिकवतो. "रिकामे आहे, मला माहीत आहे" असे म्हणणाऱ्यांच्याच हातून अपघात होतात. दुसरा दिशेचा नियम आहे. तिसरा नियतीचा, म्हणजे आपल्या भाषेत नियतचा, कारण बोट चापावर नेणे हा इरादा पक्का झाल्याचा क्षण आहे. चौथा परिणामांचा आहे. सुटलेली गोळी तुमच्या हेतूपाशी थांबत नाही, हेतूच्या पलीकडे जे कुणी उभे असेल तिथपर्यंत ती जाते.

संशय, दिशा, नियत आणि परिणाम. या चार गोष्टी शिकलेला माणूस जीभसुद्धा जपून वापरील असे आम्हाला वाटते.

यात आम्हाला परके असे काही नाही. हदीसच्या संग्रहांत शस्त्राच्या शिस्तीविषयी पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचे जे उपदेश आले आहेत, ते आमच्या मुलांना युद्धाच्या गोष्टींइतके सांगितले जात नाहीत. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके आपल्या हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कुणाला ओरखडा उठणार नाही, असा एक उपदेश आहे. थट्टेनेसुद्धा आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, तो सख्खा भाऊ असला तरी, असा दुसरा आहे. नागवी तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा तिसरा आहे. या तिन्हींत एकच विचार आहे. शस्त्र बाळगणाऱ्याच्या चांगुलपणावर इतरांची सुरक्षितता सोडायची नाही, त्याच्या सवयीवर सोडायची. चांगल्या माणसाचाही हात दचकतो. चौदाशे वर्षांपूर्वी बाणाच्या टोकाबद्दल सांगितलेले आज पिस्तुलाच्या नळीला जसेच्या तसे लागू पडते.

आता शिकणारी स्त्री आहे याने काय फरक पडतो? चाप ओढायला लागणाऱ्या ताकदीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅम वजन पेलण्याइतका असला की पुरे, २५ मीटरच्या पिस्तुलाचा एक किलो. रोज कळशी उचलणाऱ्या मनगटाला ते जड नाही. फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या वागण्यात.

काही ठिकाणी नवख्या बाईच्या हाती मुद्दाम मोठ्या धक्क्याचे शस्त्र देतात. ती दचकते, पिस्तूल उसळून कपाळाशी येते, आणि भोवतालचे हसतात, कुणी मोबाईलवर टिपून घेतो. ही थट्टा नाही, हा विश्वासघात आहे. ज्याने आपला जीव तुमच्या शब्दावर सोपवला त्याचा जीव तुमच्याकडे अमानत असतो. शिवाय एकदा मनात भीती बसली की पुढचे कित्येक महिने गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतात आणि मनगट झुकते. शस्त्र हाती असताना डोळे मिटणे हे साऱ्यांच्याच जिवावर बेतणारे आहे.

दुसरी गोष्ट कपड्यांची. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून बाहेर फेकले जाणारे रिकामे काडतूस कढत असते. गळा मोकळा असला तर ते आत पडते, आणि अंग भाजल्यावर माणूस हातातल्या पिस्तुलासकट गर्रकन वळतो. म्हणून गळाबंद कपडे घालावेत, ओढणी आवळून बांधावी, सुटे टोक लोंबू देऊ नये. व्यवस्थित गुंडाळलेला हिजाब इथे अडचण नसून सोयच आहे. तिसरी गोष्ट शिशाची. गोळीबारात शिशाचे बारीक कण हवेत उडतात, हाताला लागतात. रेंजवरून आल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय खायचे नाही, त्या कपड्यांनी लेकराला उचलायचे नाही. पोटात मूल असताना बंदिस्त रेंजवर जाऊ नये, कारण शिसे आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचते. हे प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, सगळ्यांना सांगावे. म्हणजे कुणा एकीला बाजूला जाऊन, लाजत, कारण सांगावे लागणार नाही. अदब म्हणतात ती हीच.

चौथी गोष्ट हाताची. नवखीची पकड चुकली की काही प्रशिक्षक न विचारता तिचा हात धरतात किंवा पिस्तूल काढून घेतात. जे तोंडाने सांगता येते ते तोंडाने सांगावे, हात लावणे भागच असेल तर आधी विचारावे. यात सभ्यता आहेच, पण सुरक्षिततेचाही हिशेब आहे. भरलेल्या शस्त्राभोवती दोघांची बोटे हा धोका आहे. मागे उभा राहून सूचना देणारा नवरा किंवा भाऊ हाही तसाच धोका. रेषेवर एकच आवाज असला पाहिजे. आणि शेवटी पिस्तूल रिकामे करायचे ते तिनेच. ज्या स्त्रीला भरता येते पण रिकामे करता येत नाही, तिला अर्धेच शिकवले आहे, आणि तो अर्धा भाग घातक आहे.

रेंजचा आणखी एक रिवाज आम्हाला फार मोलाचा वाटतो. "स्टॉप" हा शब्द कानावर पडला की सगळ्यांनी त्या क्षणी थांबायचे, आणि धोका दिसला तर बहुतेक रेंजवर हा शब्द कुणीही उच्चारू शकतो. कालच आलेली पंधरा वर्षांची मुलगी पंचवीस वर्षे नेमबाजी करणाऱ्या पुरुषाला थांबवू शकते, आणि त्याने कारण न विचारता थांबायचे असते. ज्या घरांत मुलीच्या "नको" या शब्दाला किंमत नाही, तिथून आलेल्या मुलीला हा अनुभव पदकाहून मोठा आहे. २५ मीटर पिस्तुलाच्या वेगवान फेरीत हात खाली ४५ अंशांवर धरून सात सेकंद वाट पाहायची असते. मग हिरवा दिवा तीन सेकंद लागतो, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी. सात सेकंद धीर आणि तीन सेकंद कृती, असे हे प्रमाण आहे.

इथपर्यंत आमचे उत्तर होकाराचे आहे. शिकवणारा असा असेल, तर मुलीला जाऊ द्यावे. पण प्रश्न इथे संपत नाही. मामाने जे म्हटले होते, "उद्या उपयोगी पडेल", त्याचे काय? पिस्तूल रेंजच्या कपाटात ठेवून ती घरी येते तोवर एक गोष्ट असते. पिस्तूल पर्समध्ये किंवा उशाखाली आले की दुसरीच गोष्ट सुरू होते, आणि नेमके इथे अनेक शिकवणारे गप्प होतात.

डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत त्या तरुणीवर जे घडले त्याने देश हादरला. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने "निर्भीक" नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, पॉइंट थ्री टू बोअर, पर्समध्ये मावेल असे. स्त्रियांसाठीचे देशातले पहिले शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. किंमत सुमारे एक लाख बावीस हजार रुपये. रात्रपाळी करून शेवटच्या बसने परतणारी नर्स, पहाटे चार घरची भांडी घासायला निघालेली बाई, शेतावरून एकटी येणारी मजूर बाई, यांच्यापैकी कुणाला ते परवडणार होते? मोठ्या रकमेच्या बदल्यात स्त्रीने स्वतःचे रक्षण स्वतःच विकत घ्यावे, असा त्याचा अर्थ होत होता. रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस, तक्रार नोंदवून घेणारे ठाणे या गोष्टी मागण्याचा तिचा हक्क त्या रिव्हॉल्व्हरखाली हळूच झाकला जात होता.

आणि धोका येतो कुठून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात स्त्रियांवरील गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणे नोंदली गेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा होता. म्हणजे ज्याच्यावर पिस्तूल रोखायचे तो ताटावर समोर बसलेला असतो. पर्समधले शस्त्र कुठे ठेवले आहे हे त्यालाही ठाऊक असते, आणि पुष्कळदा मनगटही त्याचेच दांडगे असते. उहुदच्या लढाईत तलवार उचलणाऱ्या उम्मे अम्मारा आणि अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी यांची नावे आम्ही अशा वेळी अभिमानाने घेतो, घ्यावीतच. पण त्यांच्या समोर उघड फौज होती. आजच्या बाईसमोर ओळखीचा चेहरा आहे. त्या दाखल्यांनी तिला हिंमत मिळेल, उत्तर मिळणार नाही.

घरात शस्त्र आल्यावर काय होते याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तिथे घरोघरी शस्त्रे आहेत. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरा शहरांतील एका अभ्यासात असे दिसले की, मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक येऊ शकत असेल तर त्या स्त्रीचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट वाढते. कॅलिफोर्निया राज्यातील दोन कोटी साठ लाखांवर प्रौढांचा १२ वर्षांचा हिशेब तपासून २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रियांमध्ये गोळी झाडून स्वतःचा जीव घेण्याचे प्रमाण, ते न बाळगणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ३५ पटींहून अधिक निघाले. पुरुषांत ते सुमारे आठपट होते. २०२२च्या आणखी एका अभ्यासात असे आढळले की, पिस्तूलधारक माणसाबरोबर राहणाऱ्यांना जोडीदाराच्या गोळीने मरण येण्याचे प्रमाण सात पटींहून अधिक होते, आणि अशा मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्याकडे घरोघरी शस्त्रे नाहीत, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण रागाचा झटका आणि निराशेची रात्र दोन्ही देशांत सारखीच असते. विषाद दाटून आलेल्या माणसाला ती रात्र ओलांडता आली तर पुष्कळदा सकाळ होते. उशाखाली भरलेले पिस्तूल असले तर रात्र ओलांडायला वेळच मिळत नाही.

शेजारच्या देशातला एक दाखला आम्हाला विसरता येत नाही. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला आणि शंभराहून अधिक मुले मारली गेली. दुसऱ्याच महिन्यात खैबर पख्तुनख्वामध्ये शिक्षकांना शस्त्रे बाळगण्याची मुभा मिळाली, आणि पेशावरमध्ये पोलीस दलातील स्त्रिया शिक्षिकांना पिस्तूल चालवायला शिकवू लागल्या. खडू धरणारे हात चाप ओढताना दिसले. त्यांच्या मनातली भीती खरी होती, मुलांवरची माया खरी होती. पण शिकवणे हे आमचे काम, राखण हे सरकारचे, असे म्हणणारा आवाजही तिथल्या शिक्षकांतूनच उठला. आणि त्याच वर्षी स्वातमधून बातमी आली: एका शाळेत शिक्षकाच्या हातून शस्त्र साफ करताना गोळी सुटली आणि एक विद्यार्थी दगावला. पिस्तूल साफ करण्यापूर्वी ते रिकामे आहे का हे पाहणे, हा वर सांगितलेला पहिलाच नियम. शस्त्र हाती देण्याची घाई झाली, ही शिस्त अंगी बाणायला लागणारा वेळ मात्र कुणी दिला नाही. दोन दिवसांत नेम शिकवता येईल, संशय शिकवता येत नाही.

म्हणून आमच्या मते "सुरक्षितपणे शिकवणे" या शब्दांचा अर्थ रेंजच्या दारापाशी संपत नाही. रेंजवरची सुरक्षितता, घरातली सुरक्षितता आणि मनाची सुरक्षितता, तिन्ही त्यात आल्या पाहिजेत. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची अट घातली आहे, ते योग्यच झाले. पण कायदा हाताळणी, साठवण आणि ने-आण इतकेच शिकवू शकतो. तुझ्या घरात कुणी हात उचलणारे आहे का, तुझ्या मनावर काळोख दाटतो का, घरात लहान मूल आहे का, हे प्रश्न माणसाने माणसाला विचारायचे असतात. उत्तर "होय" असेल, तर "शस्त्र घरी नेऊ नकोस" असे स्पष्ट सांगायचे असते. त्यात प्रशिक्षकाचे एक गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्यावे.

आता राहिले बापाचे ते खालच्या आवाजातले उत्तर. त्याची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा, नावावरून चौकशी होण्याचा अनुभव आमच्यापैकी अनेकांना आहे, आणि हातात पिस्तूल धरलेला फोटो भलत्या वेळी भलत्या हाती पडेल ही काळजी काल्पनिक नाही. पण या भीतीवरचा इलाज दार बंद करणे हा नव्हे. नेमबाजीइतका उघड्यावरचा खेळ क्वचित असेल. क्लबची नोंदणी, नोंदवहीत सही, परवाना, काडतुसांचा हिशेब, जिल्हा आणि राज्य संघटनांच्या स्पर्धा, छापील निकाल. चोरून करण्यासारखे त्यात काही नाही, आणि चोरून कुणी शिकवत असेल तर तिथे पाठवायचेच नाही. आपल्या मुलीचे नाव निकालाच्या यादीत इतर मुलींच्या नावांमध्ये छापून यावे, हेच त्या संशयाला खरे उत्तर आहे. परवानगी मागायला घाबरणारा समाज हळूहळू इच्छा करायलाही घाबरू लागतो.

उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. १९९९मध्ये चंद्रो तोमर नावाची, साठी ओलांडलेली आजी नातीला सोबत म्हणून गावच्या रायफल क्लबात गेली. नातीला पिस्तूल भरता येईना म्हणून तिने ते हाती घेतले, गोळी झाडली, आणि ती नेमकी मध्यावर लागली. क्लबचे प्रशिक्षक होते फारूक पठाण. त्यांनी त्या जाट घराण्यातल्या, घुंघट घेणाऱ्या आजीला हसून परत पाठवले नाही, शिकवले. घरच्या पुरुषांना कळू न देता पाण्याने भरलेला जग हातात धरून ती मनगट कमावत असे. पुढे तिची जाऊ प्रकाशीही शिकली, दोघींनी पदके आणली, आणि त्यांच्यामागून गावच्या मुली रेंजवर जाऊ लागल्या. २०१९मध्ये त्यांच्यावर सिनेमाही निघाला. चंद्रो तोमर ३० एप्रिल २०२१ रोजी करोनाने गेल्या. गावात एक पठाण आणि एक जाट आजी, मध्ये पिस्तूल. एरवी ज्या चित्राला लोक घाबरले असते तिथे विश्वास होता, कारण सारे काही उघड्यावर होते, शिस्तीत होते, आणि शिकवणाऱ्याच्या मनात शिकणारीविषयी आदर होता. त्या बायांना पिस्तुलाने कुणाला मारावे लागले नाही. पण चारचौघांत मान वर करून उभे राहता आले, मुलींना गावाबाहेर जाता आले. शस्त्राने दिलेली ही हिफाजत गोळी न झाडता मिळालेली आहे.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकवलेल्या हातून जे घडेल त्याचा हिशेब शिकवणाऱ्याने द्यायचा का? सगळा नाही. प्रत्येक जण आपापल्या नियतचा धनी आहे, दुसऱ्याच्या कर्माचे ओझे दुसऱ्यावर नाही. पण दोन गोष्टींचा हिशेब त्याच्याकडूनच घेतला जाईल. थांबायला शिकवले होते का, हा पहिला. आणि शस्त्राविषयीचे सत्य पूर्ण सांगितले होते का, हा दुसरा. ज्याने नेम शिकवला पण बोट चापाबाहेर ठेवायला शिकवले नाही, त्याने अपघात शिकवला. ज्याने दोन्ही शिकवले पण "आता तू सुरक्षित झालीस" असे खोटे सांगून घरी पाठवले, त्याने तिला एकटे सोडले.

शिकलेली मुलगी पुढे शस्त्र घ्यायचे की नाही, खेळायचे की सोडून द्यायचे, हे तिचे तीच ठरवील. ते नीट ठरवता यावे इतके सत्य तिच्या पदरात टाकणे शिकवणाऱ्याच्या हाती असते. आणि तिला विचारण्याची मोकळीक देणे, हे आम्हा आई-बापांच्या हाती असते.